अवसेला न उघडलेलं पार्सल

बुधवारी सकाळी सकाळी आक्काचा फोन. "बाळ्या, माझं मशीन आलंय. येतोस काय उघडायला?" झालं... कागल एमआयडीसीतलं माझं वर्कशॉप कामगारांवर सोडलं आणि गाडी तिच्या गावाकडं वळवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हातकणंगल्याजवळ एका खेड्यात एकटी राहते, सोबतीला एक म्हैस. मुलगा पुण्यात. चांगला आहे, पण त्याचं एकच पालुपद... "आई, ताक घुसळून घुसळून खांदा गेला तुझा. म्हैस वीक आणि इकडं ये."

आक्काला ना म्हैस विकायची होती, ना पुण्याला जायचं होतं. म्हणून तिनं कुणाला न विचारता, स्वतःच्या फोनवरून ताक घुसळायचं इलेक्ट्रिक मशीन मागवलं. आयुष्यातली पहिली ऑनलाईन खरेदी. मुलगा म्हणाला, "फसशील बघ." म्हणजे म्हैस राहणार का जाणार, ते आता त्या खोक्यावर होतं.

खोकं देवापुढं ठेवलेलं, वर हळदीकुंकू. मी उचलून जरा हलवलं... आणि कानाशी धरून परत एकदा हलवलं. हेल्परपासून सुरुवात करून मोटरी दुरुस्त करतच मी वर आलो. मोटर असलेलं खोकं हलवलं की आतून जड, बसका आवाज येतो. इथं नुसतं खुळखुळ.

उघडू दे म्हटलं तिला.

दांडा निघाला. झाकण निघालं. खाली चुरगळलेले कागद... आणि बास. मोटरच नाही. आक्का ते कागद एकेक करून उलगडून बघत होती. इतका वजनदार ऐवज कागदाच्या घडीत कुठं अडकणार? पण बघत होती.

"आलं कधी हे?"

"रविवारी."

"आणि आज उघडतीस?"

"अवस हुती की! नवी वस्तू अवसेला उघडत्यात व्हय? सोमवारी अवस सरली, मंगळवारी फोन केला तर तुला बोलायलाबी सवड न्हवती. मोठा शेठ तू!"

मी ॲप बघितलं. तक्रारीची मुदत आदल्या दिवशीच संपलेली. तसं सांगितल्यावर ती भिंतीला टेकून बसली. आता हे मुलाला कळणार, आणि मग म्हशीचं काय होणार, ते दोघांनाही समजलं.

मला मात्र लगेच उपाय सुचला. वर्कशॉपमध्ये मोटरी पडल्यात, उद्या एक बसवून देतो. पुण्याला कळवायचंच नाही. "त्यात काय एवढं, आक्का!"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आणि फुडच्या खेपेला? तवाबी तूच?"

आणि तिनं फोन उचलून थेट कंपनीलाच लावला. स्पीकरवर. हिंदी-इंग्रजीतून वाट काढत एकदाची मराठी बोलणारी मुलगी मिळाली. आवाज गोड, पण सगळं पाठ केलेलं... "मॅडम, तक्रारीची मुदत संपलेली आहे. आपण पार्सल वेळेत का उघडलं नाही?"

मी फोनसाठी हात पुढं केला. अशा वेळी आवाज कुठं चढवायचा, ते मला ठाऊक आहे. आक्कानं हातावर चापट मारली.

"अगं बाई, अवस हुती. तुझी आई उघडंल काय नवी वस्तू अवसेला? सांग."

पलीकडं मागं कीबोर्डची टकटक चालली होती... ती थांबली.

"नाही उघडणार, मावशी."

गिऱ्हाईकाचं 'साहेब' कधी 'दादा' होतं, हे कान देऊन ऐकतच मी धंदा केला. मॅडमची मावशी झाली तिथंच मी ओळखलं... आता ही पोरगी आपल्या बाजूची.

"निर्णय माझ्या हातात नाही हं मावशी. पण तुम्ही सांगितलं तसंच लिहून वर पाठवते. खोक्याचे आणि आतल्या वस्तूंचे फोटो टाका फक्त."

मी परत हात पुढं केला. काय करणार, सवय! "तू नुसतं सांग," आक्का म्हणाली, "मी दाबतो." आमच्याकडं बायकाही 'दाबतो'च म्हणतात. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा म्हशीचाच फोटो गेला. पलीकडून हसू दाबत आवाज आला, "मावशी, म्हैस छान आहे. आता खोकं पाठवा."

नंतर आठवडाभर आक्काचा फोन नाही. मी दहा वेळा मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. शेवटी रविवारी न राहवून गेलोच.

नवं मशीन आलेलं होतं. लोणी निघालेलं होतं. मला कळवायचं राहूनच गेलं म्हणे. मुलालाही तिनं एवढंच सांगितलं, "म्हैस हाय हितंच, मीबी हाय हितंच."

पण आक्का रिकामी कुठं होती! शेजारीण फाटकी आलेली साडी घेऊन बसलेली, आणि आक्का तिच्या फोनवर कुणाला तरी दटावत होती, "पावणं, तुमीच सांगा, ही साडी तुमच्या बायकूला दिली असती काय?" मला बघून म्हणाली, "बस रं जरा भाईर. हिचं बघालोय."

मला कुणी हात दिला नाही, म्हणून मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो, हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. अभिमानानं सांगतो. पण दुसरं कुणी उभं राहायला लागलं की मीच आधी टेकायला काठी घेऊन धावतो... ते प्रेम असतं हे खरं. पण त्या प्रेमात समोरच्यावर विश्वास किती असतो, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

माझ्या वर्कशॉपबाहेर माणसं ताटकळतात, याची मला सवय आहे. त्या दिवशी मी बहिणीच्या कट्ट्यावर, माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो... आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.