चौथ्या दिवसाचा निगेटिव्ह

सकाळी मी रिपोर्टवर सही केली आणि अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरून डॉ. बिराजदारांचा फोन आला.

"बनसोडे मॅडम, सोनाबाईंची वेल-फेलिक्स निगेटिव्ह आलीय ना?"

"हो."

"मग काल सुरू केलेली डॉक्सी बंद करतो. विडाल थोडी पॉझिटिव्ह आहे. टायफॉइड धरून चालतो."

फोन ठेवला, पण मला चैन पडेना.

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. सोनाबाई माढ्याकडची मेंढपाळ बाई, पन्नाशीची. सणकून ताप, डोकं ठणकतंय, अंगावर पुरळ, प्लेटलेट घसरत चाललेल्या. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. डॉ. बिराजदार नवीन, पण हुशार. त्यांना गोचीडतापाचा संशय आला. गोचिडाच्या अंगातले जंतू माणसात शिरले की हा ताप येतो. वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिलं तर माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो. उशीर झाला तर किडनी, फुप्फुस, मेंदू, काहीही धरतं.

आता या टेस्टचं सांगते. वेल-फेलिक्स जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते. त्यासाठी खरा जंतूही वापरत नाहीत, कारण तो लॅबमध्ये वाढवणं अवघड आणि धोक्याचं. त्याच्याशी थोडं साम्य असलेला दुसराच जंतू वापरतात. म्हणजे चुलत्याचा फोटो दाखवून "पुतण्याला ओळखता का?" असं विचारण्यासारखं. शिवाय अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा तरी लागतो.

मी फॉर्म काढून पाहिला. ताप किती दिवसांचा, हे कुणी लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ठळक अक्षरांत 'निगेटिव्ह' छापून मोकळी झाले होते.

जिना चढून वॉर्डात गेले. सोनाबाई डोळे मिटून पडली होती. शेजारी तिचा नवरा, बिरूमामा, पागोटं मांडीवर घेऊन बसलेला.

"मामा, ताप कधीपासून हाय?"

"आज चौथा दिस."

तेवढ्यात डॉ. बिराजदारही आले. "मॅडम, मी हिस्टरी घेतलीय. गोचीड चावलाच नाही म्हणतात."

मी सोनाबाईच्या पलंगावर टेकले. तिचे तळहात उघडून पाहिले. तिथंही लाल ठिपके होते. तळपायावरही. टायफॉइडमध्ये असं दिसत नाही.

"मावशी, मेंढरांना गोचीड हायत का?"

तिनं एक डोळा उघडला. "बाई, मेंढराला गोचीड नसंल तर ते मेंढरू कसलं?"

"मग तुम्ही काय करता?"

"उपटायचं आन् नखावर चिरडायचं. कोकरांचं तर मीच काढती. दिसाला वंजळभर निगत्यात."

मी डॉक्टरांना सांगितलं. गोचीड चावलाच पाहिजे असं नाही. तो चिरडताना त्यातला द्रव बोटाच्या चिरेतून आत गेला तरी पुरतं. आणि सोनाबाईच्या बोटांवर चिरा होत्याच.

"पण रिपोर्ट तुमचाच आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"माझाच. सहीही माझीच. म्हणून तर वर आले. चौथ्या दिवशी ही टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असं नव्हे. अँटीबॉडी अजून आल्याच नसतील. आणि थोडीशी विडाल आपल्याकडं कितीतरी धडधाकट माणसांचीही पॉझिटिव्ह येते."

"मग करायचं काय?"

"ते तुम्ही ठरवायचं. मी एवढंच सांगते, की माझ्या कागदावर विसंबून औषध बंद करू नका. दुसरं सॅम्पल दहा दिवसांनी घेऊ."

त्यांनी स्वतः सोनाबाईचे तळहात उघडून पाहिले. मग सिस्टरना म्हणाले, "डॉक्सी चालू ठेवा."

पहिल्या दिवशी फरक नव्हता. त्या दिवशी मी तीनदा वर जाऊन आले, काहीतरी निमित्त काढून. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि सोनाबाईनं हॉस्पिटलची खिचडी परत पाठवली. तिला भाकरी आणि लसणाचा ठेचा हवा होता. प्लेटलेट चढू लागल्यावर तिला घरी सोडलं.

दहा दिवसांनी तिला सॅम्पलसाठी यायचं होतं. आली नाही. मी फोन लावला, बिरूमामांनी घेतला.

"आता बरी हाय की ती. बऱ्या माणसाचं रगात कशाला?"

समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी रविवारी बर्फाचा डबा घेऊन मीच एसटीनं माढ्याला गेले. गावाबाहेर एका शेतात त्यांची मेंढरं बसली होती. सोनाबाई कोकरू मांडीवर घेऊन गोचीड काढत होती. पण चिमट्यानं, आणि चिरडण्याऐवजी रॉकेलच्या डबीत टाकत होती. हे तिला सिस्टरनी शिकवलं होतं. मला पाहून ती हसली.

"एवढ्या लांब रगतासाठी आलाय व्हय? मग च्या पिल्याबिगर द्याची न्हाय."

चहा झाला, रक्त मिळालं.

सोमवारी दोन्ही सॅम्पल शेजारी शेजारी लावली. रक्तातला सीरम पातळ करत जायचा, त्यात तो साम्य असलेला जंतू मिसळायचा आणि अँटीबॉडीमुळे कुठवर गुठळ्या दिसतात ते बघायचं. आमटीत पाणी वाढवत जाऊन मीठ कुठवर लागतं ते पाहावं, तसं. जुन्या सॅम्पलमध्ये काहीच नव्हतं. नव्यात शेवटच्या नळ्यांपर्यंत गुठळ्या होत्या. दोन सॅम्पलमध्ये एवढा फरक म्हणजे गोचीडतापाचा भक्कम पुरावा.

डॉ. बिराजदार स्वतः खाली बघायला आले. नळ्या उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, आपला रिपोर्ट पेशंटच्या मागून आला."

मी सोनाबाईला फोन करून सांगितलं, की तिला गोचीडतापच होता.

"आता सांगताय?" ती म्हणाली. "आमी तर कवाच बरं झालो."

या टेस्टवर निदानाचा सगळा भार टाकता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. रिपोर्टवर मात्र कधी लिहिलं नव्हतं. आता निगेटिव्हच्या खाली एक ओळ छापून जाते: पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आल्यास आजार नाही असे समजू नये, उपचार थांबवू नयेत. फॉर्मवर 'तापाचा कितवा दिवस' असा रकानाही केलाय. बरेच डॉक्टर तो रिकामा पाठवतात. मग मी फोन करून विचारते.