आत व्हा, काकू

रत्नागिरीत आमच्या परसातले नारळ पाडायला यायचा तो पोरगा. पंचविशीचा असेल. नाव मी कधी विचारलंच नाही. माडाच्या शेंड्यावर पोचला की ओरडायचा, "काकू, आत व्हा! झालात काय?" मी घरातून "झाले रे" म्हणेपर्यंत कोयता उचलायचा नाही.

"स्वतःला जप," म्हटलं की हसायचा. "मी माडाला धरलंय, काकू. सुटलेल्या नारळाला कोण धरणार?"

मला भीती माडाचीच होती. यंदा गणपतीच्या नारळांसाठी निरोप धाडला, तर कळलं, तो अंथरुणातच गेला. झोपेत. धडधाकट पोरगा.

दुसरा कोणी मी बोलावला नाही. नारळ सुकून आपसूक पडतात. परवा एक धप्पकन पडला आणि मी आतून ओरडले, "झाले रे!"

बाहेर जाऊन वर बघायचा धीर झाला नाही.