अठराच्या आतला कबुलीजबाब

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले आणि त्यातले बहुतेक विसरलो. पण एका सोळा वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर बसून दिलेला कबुलीजबाब मला अजूनही शब्दन् शब्द पाठ आहे. कोणाचे नाव घेणार नाही. सगळे हयात आहेत आणि त्याच जिल्ह्यात राहतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. आजूबाजूच्या खेड्यांतली अकरावी-बारावीची मुले तिथे क्लासला येत. मोठ्या शहरांतल्या पोरांच्या टोळ्या, कोयते, मारामाऱ्या हे सगळे आम्ही पेपरात वाचायचो आणि आपल्याकडे तसले काही नाही, असे म्हणून पेपर बाजूला ठेवायचो. तेच लोण मोबाइलमधून आमच्याकडे कधीच येऊन पोहोचले होते. पाच-सहा मुलांचा एक ग्रुप झाला होता. चालत्या मोटारसायकलवर उभे राहायचे, कोयते नाचवायचे आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे.

क्लासमागच्या मैदानासमोर एक पंक्चरवाला बसत असे. त्याने ठाण्यात फोन केला. "साहेब, पोट्टे कोयते घेऊन व्हिडिओ काढून राह्यले. एखांदा मरन इथं."

मी एकदा गाडी पाठवली. मुले पळाली. 'कोणी मिळून आले नाही' अशी नोंद झाली आणि खाली मी सही केली. ती चूक माझी. आजही ती मी शिपायांवर ढकलत नाही.

आठच दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, सरकारी दवाखान्यातून मेमो आला. क्लासमागच्या त्याच मैदानात बारावीतल्या एका मुलाच्या उजव्या मांडीवर मागून कोयत्याचा वार झाला होता. कारण एवढेच, की त्याने या ग्रुपच्या व्हिडिओखाली टिंगलीचे दोन शब्द लिहिले होते. मी दवाखान्यात गेलो. त्याने माझ्याकडे न पाहता सांगितले, "मांगून आला कोनी तरी. म्या नाई पाह्यलं." आणि भिंतीकडे तोंड केले. मार खाल्लेला माणूस असा बोलतो, तेव्हा त्याने सगळे पाहिलेले असते.

मी ठाण्यात परतलो तर 'आरोपी' हजर! त्या भागातला एक मोठा शेतकरी आपल्या गाडीतून एका मुलाला घेऊन आला होता.

"साहेब, पोट्टं चुकलं. कबूल करून राह्यलं. अठराच्या आतलं हाये, पोरांच्या बोर्डापुढे उभं करा, सुटून जाईन," तो म्हणाला. मुलाचे वय आधी सांगितले, नाव नंतर. या शेतकऱ्याचा स्वतःचा मुलगा त्या ग्रुपचा म्होरक्या होता, हे मला तोवर कळले होते.

अल्पवयीन मुलाला कोठडीत टाकता येत नाही, गणवेशात चौकशी करता येत नाही. मी साधा शर्ट घातला, महिला हवालदाराला सोबत घेतले आणि मुलाला मागच्या खोलीत बसवले. बाप ट्रकवर, परराज्यात गेलेला. आईला बोलवायला शिपाई पाठवला. ती येईपर्यंत मी काही विचारणार नव्हतो, पण मुलगा आपणहून सुरू झाला.

"आमच्यात पूर्वीपासून वाद होता. रागाच्या भरात मी त्याच्यावर धारदार शस्त्राने वार केला. मला माझ्या कृत्याचा पश्चात्ताप होत आहे."

हवालदार लिहायला लागली. मी तिला थांबवले. मी स्वतः याच भागातला, रोहिणखेडकडचा. आमच्याकडचा मुलगा घाबरला की असा बोलत नाही.

"जेवला का रे?" मी विचारले.

"नाई."

"काऊन?"

"भूकच नाई लागून राह्यली."

हा खरा आवाज. मघाचा दुसऱ्याचा होता.

थोड्या वेळाने आई आली. भाजीचे वावर सोडून तशीच निघाली होती, हाताला मेथीच्या वाफ्यातली माती होती. तिला शेजारी बसवले आणि मगच मी मुलाला विचारले, "वार कुठे केला?"

"पोटावर."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी आईला सरळ सांगितले, "बाई, जखम मांडीवर आहे, तीही मागून. तुमचा मुलगा खोटा गुन्हा अंगावर घेतोय."

ती मुलाकडे वळली. "कोनं शिकवलं तुले हे?"

मुलाने तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "आई, ते आपलं पानी बंद करतीन."

तिची भाजी त्या मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवर होती. एवढ्यात तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला. "बाई, समजून घे. लहान हाये तो. त्याले काही होत नाई."

बाई उठली. अंगाने किडकिडीत, पण तिचा आवाज ठाण्याच्या पार फाटकापर्यंत गेला. "काही होत नाई, तं तुमचं पोरगं काऊन नाई आनलं? पानी बंद करा. म्या डोक्यावर हंडे वाहीन. पन तुमच्या पोराचं पाप माह्या पोराच्या नावावर नाई लिहू देनार!"

मी शेतकऱ्याला बाहेर काढले. मुलगा आईच्या पदराला धरून रडला आणि मग सगळे बोलला. वार म्होरक्याने केला होता. कोयता लपवायला याच्या हातात दिला होता. पोलिसांसमोर काय बोलायचे ते गाडीत तीनदा म्हणून घेतले होते.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, त्यामुळे मला पुरावा हवा होता. आई सोबत असताना मुलाने पंचांसमोर कापसाच्या पऱ्हाटीच्या गंजीतून कोयता काढून दिला. पंक्चरवाला आधी 'म्या काही पाह्यलं नाई' म्हणत होता. बाई काय बोलली ते गावात पसरले आणि दुसऱ्या दिवशी तो आपणहून जबाब द्यायला आला. "एक बाई बोलली, आता मी काऊन भेऊ?" म्होरक्याला आम्ही साखरखेर्ड्याला नातेवाइकाच्या घरी पकडले. शाळेच्या दाखल्यावर त्याला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. तो अटकेत आहे हे कळल्यावर जखमी मुलानेही भिंतीकडचे तोंड वळवले आणि नाव सांगितले.

मग वजनदार लोकांचे फोन सुरू झाले. "पोरांची भांडणे आहेत, फार ताणू नका." मी प्रत्येकाला एकच सांगितले, "लेखी द्या." लेखी कोणीच दिले नाही. दोषारोपपत्र मुदतीत गेले. दोन महिन्यांत मला ठाण्यावरून काढून नियंत्रण कक्षात, म्हणजे कोपऱ्यात, बदलीवर टाकले. अमुक साहेबांना भेटलात तर रद्द होईल, असा निरोप आला. मी भेटलो नाही. साक्षीच्या तारखांना मात्र एकदाही चुकलो नाही. म्होरक्याला शिक्षा झाली.

त्या सोळा वर्षांच्या मुलालाही मी सोडले नाही. हत्यार लपवले होते, व्हिडिओत कोयता घेऊन तोही नाचला होता. तेवढे त्याच्या नावावर लावून त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे केले. मंडळाने त्याला समुपदेशनाला पाठवले, काही काळ देखरेखीखाली ठेवले. बाईचे पाणी खरेच बंद झाले. त्या उन्हाळ्यात तिची सगळी भाजी वाळली. पावसाळ्यानंतर शेजारच्या एका शेतकऱ्याने तिला आपल्या विहिरीवरून पाइप टाकू दिला.

अल्पवयीनांचा कायदा फार मऊ आहे, त्यामुळे पोरे शेफारली, असे लोक मला आजही ऐकवतात. मी मानत नाही. तो कायदा मुलांना सावरण्यासाठी आहे. त्याची ढाल करून दुसऱ्याचे मूल पुढे ढकलणारे सगळे मोठे होते, शिकलेले होते, गावात मान असलेले होते. आणि पंक्चरवाल्याचा पहिला फोन आला तेव्हा नुसती सही करून मोकळा झालेला मीही मोठाच होतो.

निवृत्तीनंतर शाळांमधून बोलावणे येते. "सर, पोरांना जरा दम द्या," असे मुख्याध्यापक सांगतात. मी माइक हातात घेतो आणि मुलांना मैदानावर खेळायला पाठवतो. मग पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांना दार लावून घ्यायला सांगतो. काहींना राग येतो, काही उठून जातात. जाऊ द्या. जे बसून राहतात, त्यांच्याशी मी बोलतो.