गुपचूपची चटई

माँटेसरीत तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे अडेलताई. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. लग्नानंतर सासऱ्यांनी नोकरी सोडायला सांगितली, तेव्हा तिनं निमूट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळा गाठली.

वर्ष संपत आलं की खालच्या वर्गातली मोठी मुलं जिना चढून वरच्या वर्गात जायची. त्याआधी ताई त्यांना रोज थोडा वेळ वर नेऊन बसवी. आपली चटई आपणच पसरायची, मणी मांडायचे, काम झालं की गुंडाळून परत खाली न्यायची. पसरलेल्या चटईवर दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही, कामातल्या मुलाला उठवायचं नाही, हा शाळेचा नियम.

यंदा नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी टूम काढली. तोंडी परीक्षा घ्यायची, उत्तरं देईल तोच वर. झालं, ताईचं पित्त खवळलं. तिच्या वर्गात सगळे जिला गुपचूप म्हणत, ती मुलगी होती ना! घरी आईचं डोकं खाणारी ही पोर परक्या माणसासमोर तोंडाला कुलूप लावायची.

"उत्तरं घोकून घेऊ का हिच्याकडून?" आईनं काकुळतीनं विचारलं. "मैत्रिणी वर गेल्या आणि ही एकटी खाली राहिली, तर खचेल हो."

"काही घोकायचं नाही. वर जाण्याइतकं तिला येतं."

परीक्षा वरच्या वर्गातच झाली आणि व्हायचं तेच झालं. बाई विचारत राहिल्या, गुपचूप खिडकीकडे बघत राहिली.

"ही खालीच राहील," बाई म्हणाल्या. "ताई, घेऊन जा हिला."

ताई जागची हलली नाही. गुपचूपनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग आपली चटई आणून बाईंच्या पुढ्यातच पसरली आणि मणी घेऊन बेरीज मांडायला बसली.

"उठवा तिला."

"मी नाही उठवणार, बाई. ती काम करतेय. उठवायचं तर तुम्ही उठवा. सगळी मुलं बघताहेत."

मुलं खरंच माना वर करून बघत होती. बाई तणतणत पुढे आल्या. नोकरी गेली तरी बेहत्तर, हे ताईनं ठरवून टाकलं होतं.

चटईच्या काठाशी बाईंचं पाऊल थबकलं. क्षणभरानं त्यांनी ते मागे घेतलं आणि चटईला वळसा घालून त्या दाराकडे गेल्या.

"काम संपलं की तिची चटई इथल्याच कपाटात ठेवा," त्या जाता जाता म्हणाल्या.

गुपचूपनं मान वर केली नाही. तिची बेरीज अजून व्हायची होती.