शेजारची सीट

अनसिंगचे एक जमीनदार त्यांची दोन सीटांची उघडी मोटार घेऊन वाशीमला माझ्याकडे दुरुस्तीला येत. गाडी पळण्यासाठीच बनवलेली होती, त्यामुळे तिच्या स्प्रिंगच्या कमानी फार कडक होत्या. पूर्वी ते वेगाच्याच गोष्टी सांगत. बायकोच्या मणक्याला क्षय झाला आणि त्यांच्या तोंडी फक्त हादरे राहिले.

"मिस्त्री, अजून नरम करा. तिले लई लागते."

मी कमानींचे पट्टे कमी केले. मग गाडी वळणावर झुलू लागली, म्हणून चाकांजवळ झोका आवरणाऱ्या कातडी चकत्या बसवल्या. दर वेळी ते बायकोच्या सीटवर डोळे मिटून बसत आणि मला गाडी चालवायला लावत. खड्डा आला की स्वतःच्याच पाठीवर हात ठेवून म्हणत, "इथं लागलं."

शेवटी त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथंच ती गेली.

परतताना मोटार बैलगाडीच्या चालीने दुकानापुढे आली. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली ती शेजारच्या सीटला बांधलेली होती.

"मिस्त्री, मागचं चाक अजून हादरून राह्यलं."

चाकात काहीच दोष नव्हता. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो.