मलपृष्ठ वाचून दिलेलं पुस्तक

दौंडला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. तिथं मी सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारी, झाडू मारणारी, पेपर लावणारी आणि कुणी पुस्तकावर वरणाचा डाग पाडला की त्याला फैलावर घेणारी बाई. मी फटकळ आहे हे वाचकांना माहीत आहे. तरी ते येतात, कारण कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं ते मला बरोबर कळतं असा माझा लौकिक आहे. हा लौकिक मीच पसरवला होता.

खरं सांगायचं तर निम्मी पुस्तकं मी पुरती वाचलेली नसायची. मलपृष्ठ वाचायचं, पहिली चार पानं वाचायची, शेवटची दोन चाळायची आणि पुढं ठामपणे बोलायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

भांडगावची एक अंगणवाडी सेविका महिन्याच्या मीटिंगला दौंडला आली की वाचनालयात डोकवायची. बडबडगीतं नाहीतर आहाराचं पुस्तक न्यायची. गेल्या वर्षी एकदा ती आली, वाचनालयात दुसरं कुणी नाही हे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

"मॅडम, जरा येगळं पुस्तक पायजे हुतं. आमच्या लेकरासाठी."

"कसलं?"

"एकोणीस वर्साचं हाय. कालेजला जायचं, आता जात न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हातं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याचं आंग बाकीच्यांसारखं न्हाई, जन्मापासनं. डॉक्टर म्हनले, आसं आसतं, घाबरू नका. पन त्याला वाटतंय, जगात आपल्यासारखं आपनच."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वरच्या फळीकडं गेला होता. एका तृतीयपंथी व्यक्तीचं आत्मकथन होतं. मलपृष्ठावर संघर्ष, आत्मसन्मान असे शब्द होते. "हे द्या त्याला," मी म्हणाले. "उठून बसेल."

पुढच्या मीटिंगची वाट न बघता, दोन आठवड्यांतच ती परत आली. पुस्तक टेबलावर ठेवलं. रागावली नव्हती, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, हे वाचून लेकरू उठून बसलं. आन् ब्याग भरली."

त्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात लेखिका घर सोडते. घरात मार खाऊन खाऊन सोडते, पुढं आपल्यासारख्यांच्या घराण्यात जाते आणि मोठ्या धीरानं उभी राहते. पुस्तकाचा काही दोष नव्हता. पण त्या लेकरानं त्यातून असा अर्थ काढला होता की आपल्यासारख्यानं घर सोडायचं असतं, तसा नियमच आहे.

"आन् आमचं तसं न्हाईच," ती म्हणाली. "ह्या पुस्तकातल्या बाईला आंग पुरुषाचं, मन बाईचं. आमच्या लेकराचं आंगच दोन्हीच्या मधलं हाय. मी तुमाला सांगितलं हुतं."

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. सतरा वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी विचारलं, आता काय म्हणतंय ते. परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही म्हणतंय, ती म्हणाली, महिनाअखेरीला फॉर्मची मुदत संपली की जायचंच म्हणतंय. मग उठता उठता म्हणाली, "दुसरं बघा कायतरी. त्याचा इस्वास पुस्तकावर हाय. माझ्यावर न्हाई, मी काय, आईच हाय."

त्या आठवड्यात मी वाचनालयातली या विषयावरची सगळी पुस्तकं वाचून काढली. सगळी म्हणजे चार. दाखल नोंदवहीत एक आरोग्यात घातलेलं, एक समाजशास्त्रात, एक अनुवादितात आणि एक संकीर्णात. हा घोटाळाही माझ्याच अक्षरात होता. तिन्हींत माणूस घर सोडतो आणि चौथ्यात मरतो. चारही पारलिंगी माणसांबद्दल. आंतरलिंगी, म्हणजे या लेकरासारखं दोन्हीच्या मधलं अंग घेऊन जन्मलेल्यांबद्दल चारांत मिळून एक परिच्छेद होता, तोही 'दोष' या शब्दानं सुरू होणारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी पुण्याला गेले. दुकानात विचारलं, आंतरलिंगी व्यक्तींवर काही आहे का? काउंटरवरच्या गृहस्थांनी शब्द दोनदा म्हणून बघितला, आत गेले आणि शालेय मराठी व्याकरण घेऊन आले. लिंगविचाराचं प्रकरण उघडून दाखवलं. "ह्यात तिन्ही आहेत बघा," ते म्हणाले. थट्टा करत नव्हते. मी संतापून बाहेर पडले आणि एसटीत बसल्यावर हसू आलं. कारण तीन आठवड्यांपूर्वी मीही यापेक्षा फार शहाणपणा केला नव्हता.

शेवटी वस्तू सापडली शिरूरला. तिथल्या एका जुन्या वाचनालयात एक वयस्कर ग्रंथपाल आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, "पुस्तकात शोधू नकोस. ज्याचं पुस्तक होत न्हाई, ते दिवाळी अंकात असतंय." माळ्यावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. दोन दिवस धूळ खाल्ली. एका बंद पडलेल्या अंकात नऊ पानांचा लेख मिळाला, तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवणाऱ्या एका आंतरलिंगी व्यक्तीचा. शिंप्याकडं माप देताना काय होतं, लग्नात पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं, बहिणीशी टीव्हीवरून कसं वाजतं. नऊ पानांत कुणी घर सोडत नाही. आईशी भांडण होतं, तेही आमटीत हिंग जास्त पडला म्हणून. मी माळ्यावर बसूनच तो दोनदा वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

आबांकडून अंक मागून आणला आणि लेकराच्या आईच्या हाती पाठवला. आठ दिवसांनी परत करायला लेकरू स्वतःच आलं. मानेपर्यंत केस, सैल शर्ट, डोळे थेट माझ्याकडं.

"मॅडम, हे वाचलं. मला आवडलं. आईला सांगितलं की परत करायला मलाच जायचंय."

अर्धा तास आम्ही बोललो. त्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की हे लेकरू एकदाही 'आलो' म्हणालं नाही आणि 'आले'ही म्हणालं नाही. मराठीत माणूस आला-गेला की बाई की बाप्या ते लगेच कळतं. पण मी वाचलं, मला वाटलं, मला जायचंय, यात काही कळत नाही. ते असलीच वाक्यं वेचून बोलत होतं, सुपात गहू निवडावेत तशी. आणि तेव्हा मला त्याच्या आईचं बोलणं कळलं. 'आमचं लेकरू', 'ते जात नाही', 'ते उठून बसलं.' मी ती नुसती माया समजले होते. तिनं एकोणीस वर्षं त्याला कुठल्याच बाजूला ढकललं नव्हतं. व्याकरणात त्या जागेला नपुंसक असं टोचणारं नाव आहे, पण आपली लाडाची सगळी, लेकरू, वासरू, पाखरू, आपण तिथंच ठेवली आहेत.

"मग आता जायचं रद्द ना?" मी विचारलं.

"ह्या लेखातल्या माणसाला घरच्यांनी ठेवून घेतलंय. आमच्यात आई ठेवून घेते. आप्पांनी, म्हणजे वडलांनी, दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलंय. मी जेवणासाठी बसायच्या आत ते ताट घेऊन बाहेर जातात. मला कितीही पुस्तकं दिली तरी त्यांचं काय?"

"मग हा अंक त्यांनाच दे."

"ते वाचणार नाहीत."

"तू वाचून दाखव."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेले आणि परत तीच चूक केली म्हणून मनात चरकले. लेकरानं अंक परत पिशवीत टाकला आणि ते जिना उतरलं.

मग महिनाअखेरीपर्यंत मला चैन नव्हतं. कुणी चुकीच्या तारखेला पुस्तक आणलं तरी मी रागावत नव्हते, तेव्हा लोकांनी तब्येत विचारायला सुरुवात केली. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी जिन्यात जड पावलं वाजली. पांढरा शर्ट, पायजमा, उन्हानं रापलेला माणूस. चपला त्यानं खालीच, विहाराच्या दारात काढल्या होत्या. अंक टेबलावर ठेवला तेव्हा मी ओळखलं.

"वाचलात का आप्पा?"

"चष्मा मोडलाय म्हनून लेकराला सांगितलं वाचाया. गोठ्यात बसलो दोघं. चार दिस लागले."

"चष्मा खरंच मोडलाय?" मला राहवलं नाही.

"न्हाई."

मग त्यांनी खिडकीकडं बघितलं. "खाली गाडीवर बसलंय ते. आत्ताच कालेजात फॉर्म भरून आलो."

मी नोंदवही उघडली, पेन शोधलं, उगाच शोधलं, हातातच होतं. ते मात्र जायला तयार नव्हते. अंकावर बोट ठेवून उभे राहिले.

"ह्यात आई हाय, भन हाय, शिंपी हाय. बाप न्हाई."

"दुसऱ्याच पानावर आहे की, वडील लवकर गेले म्हणून."

"तेच म्हनतो. जित्या बापाचं एखादं हाय का?"

पूर्वीची मी असते तर हात फळीकडं गेला असता. "नाही," मी म्हणाले. "माझ्याकडं आहेत ती सगळी वाचलीत मी. जित्या बापाचं एकही नाही."

त्यांनी मान हलवली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"मग दुसरं काय बी द्या. हे वाचून संपलं तवाधरनं आमी दोघं परत गप हाय. जरा जाड बघून द्या."