जुन्या पाटीवरचे कुंकू

ती सकाळ विसरू म्हटले तरी मला विसरता येत नाही. निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक शेवगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. हजेरी आटोपून मी बाजाराचा बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात आमच्या बातमीदाराचा फोन आला. गड्याचे सलून होते, आणि गावातली कुठलीही बातमी त्याच्या खुर्चीत टेकल्याशिवाय पुढे जात नसे.

"साहेब, बँक बुडाली म्हनत्यात. बायांनी दार आडवलंय. तुमी सोता या."

ही खेड्यापाड्यांची बँक. आधी जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि मग एसटी थांबेल तिथे शाखा, अशी ती वाढत गेली. या गावातली शाखा तर सोसायटीच्या पत्र्याच्या गोदामात सुरू झाली होती. नुकतीच ती बँक दुसऱ्या ग्रामीण बँकेत विलीन झाली, नाव बदलले, आणि शाखाशाखांवर नव्या पाट्या लागत होत्या. हे गावकऱ्यांना समजावून सांगायचे मात्र कुणाला सुचले नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच फोटो होता: दोन कामगार बँकेची पाटी खाली उतरवताहेत. त्याखाली मजकूर, 'बँक बुडाली, आपले पैसे आजच काढा.' शाखेच्या व्यवस्थापक तरुण बाई होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, सगळ्यांनी आजच ठेवी मोडल्या तर ही शाखा इथे राहणार नाही. मग या बायकांनी जायचं कुठे?"

कुठे जायचे ते मला दिसत होते. समोरच्याच इमारतीत एकाने दामदुपटीची योजना उघडली होती आणि दारात खुर्च्या मांडून, पाण्याचा जार ठेवून तो लोकांना 'या, बसा' करत होता. इतका कनवाळू सावकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण नुसत्या संशयावर कुणाची कॉलर धरता येत नाही.

मी दोन शिपाई गर्दीत सोडले. "तुला फोटो कुणी पाठवला?" एवढेच विचारायचे. माणूस स्वतःबद्दल दहा वेळा खोटे बोलेल, पण दुसऱ्याचे नाव विचारा, लगेच सांगून मोकळा होतो. माग काढत काढत शिपाई त्या दामदुपटीवाल्यापाशीच येऊन थांबले. मी त्याला बँकेच्या आतल्या खोलीत बसवले.

"साहेब, मला पन आलेलाच हुता. मी फकस्त फुडं धाडला. मूळचा डिलीट झाला."

तो पाणी मागत होता, घाम पुसत होता, पण शब्द सोडत नव्हता. मी तोच फोटो मोठा करून पाहत बसलो. पाटीवरच्या पहिल्या अक्षराखाली लाल ठिपका होता. रंग उडालाय म्हणावे तर तसा वाटेना. मी व्यवस्थापक बाईंना दाखवला.

"कुंकू आहे, सर. इतकी वर्षं या पाटीनं साथ दिली, म्हणून सकाळी आम्ही तिची पूजा केली, हार घातला, नारळ फोडला आणि मगच ती उतरवली. नवी पाटी तिथेच भिंतीला टेकवलेली होती, उतरवताना हार काढून तिच्यावरच ठेवला."

माझी ट्यूब पेटली. बुडालेल्या धंद्याच्या पाटीला हार कोण घालतो? म्हणजे हार आणि नवी पाटी फोटोतून मुद्दाम कापलेली होती. शिवाय फोटो वरून काढलेला होता, आणि समोर गच्ची होती ती फक्त या दामदुपटीवाल्या गृहस्थांची. दोन पंचांसह मी त्यांना गच्चीवर नेले आणि माझ्या मोबाईलवर तिथूनच फोटो काढायला लावला. तोच कोन, आडवी जाणारी तीच वायर. गड्याने हात जोडले.

"चुकलं साहेब. पुरा फोटो हाय माझ्याकडं."

मोबाईल जप्त झाला, पंचनामा झाला, रीतसर गुन्हा दाखल झाला. मी पायरीवर उभा राहून लोकांना सगळे सांगितले. पुढे उभ्या असलेल्या बचत गटाच्या अध्यक्षबाई काही ऐकेनात. "फोटू खोटा, ते पटलं. पन बँक हितंच ऱ्हाईल, ह्याची हमी कोन देनार?"

उत्तर दिले एका म्हाताऱ्या बाबांनी. "मी देतो! शाखा निघाली तवा तिजोरीचा टेम्पो वढ्यात रुतला हुता. आख्ख्या गावानं दोर लावून ती तिजोरी वढून आनली. आता कोन नेतंय बगू की!"

अध्यक्षबाईंनी दारावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "नवी पाटी लावनारी मान्सं कुठं गेली?"

ती बिचारी गर्दीला घाबरून केव्हाच पळाली होती. अध्यक्षबाईंनी पासबुक कमरेला खोचले, पदर आवळला आणि शिडीला हात घातला. पैसे काढायला आलेल्या बायकांनीच पाटी वर दिली. शिडी धरायला उरलो मी.

काहींनी त्या दिवशी पैसे काढलेच, पण बहुतेक घरी गेले आणि शाखा टिकली. अफवेमागचा माणूस पकडणे हे पोलिसाचे काम, ते मी केले. पण तुटलेला विश्वास पोलिसाला जोडता येत नाही, तो लोकांनाच जोडावा लागतो, हे मला तिथे कळले. सेवेत मला मानसन्मान मिळाले. तरी अभिमानाने सांगावे असे काय केले म्हणून कुणी विचारले, तर मी भर उन्हात शिडी धरून उभा आहे आणि गर्दीतून ते म्हातारे बाबा ओरडताहेत तेच आठवते: "साहेब, हलू नगा, बँक वर चाललीय!"